कांचनबारीचा पुरावा

सुरतेची दुसरी लूट आटोपून परतणाऱ्या मराठी फौजेने १६७० साली सातमाळा डोंगररांग नेमकी कुठे ओलांडली? प्रश्न एका रात्रीपुरता आहे. पण उत्तर शोधताना नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडचा सगळा डोंगर हाताखालून जातो. मोगल दरबाराचा इतिहासकार, बुऱ्हाणपूरचा कायस्थ कारकून, सुरतेच्या वखारीतले इंग्रज, १८१८ साली तोफा घेऊन आलेले कंपनीचे अधिकारी आणि शेवटी खडक स्वतः, इतके साक्षीदार यात आहेत. ते एकमेकांना ओळखत नाहीत आणि सगळे सारखे विश्वासार्हही नाहीत.

आधी डोंगर. सह्याद्रीचा कणा सुरगाणा-कळवण भागातून उत्तर-दक्षिण जातो. हातगडच्या परिसरात त्याला पूर्वेकडे एक फाटा फुटतो, तीच सातमाळा. पश्चिमेकडून निघालो तर अचला, अहिवंत, सप्तशृंग, त्याच्या समोरचा मार्कंड्या, मग रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचन-मांचन, कोळदेहेर, राजदेहेर, इंद्राई आणि चांदवड असे किल्ले ओळीने लागतात. पुढे रांग तुटक होत मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईपर्यंत जाते. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस गिरणेतून तापीला आणि खंभातच्या आखाताला मिळतो, तर दक्षिणेचा कादवेतून गोदावरीला आणि थेट बंगालच्या उपसागराला. उत्तरेला बागलाण, दक्षिणेला गोदाखोरे. एकीकडून दुसरीकडे जायचे तर रांगेतल्या खाचेतूनच जावे लागते. या भागात अशा खाचेला बारी म्हणतात. बागलाणातल्या दोन रांगांची नावेच सेलबारी आणि डोलबारी आहेत.

म्हणून या मुलखाचे कागद वाचताना किल्ल्यांच्या नावांवर भाळण्यापेक्षा बाऱ्यांकडे लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. अडचण अशी की कागद लिहिणाऱ्यांना किल्ल्यांचाच सोस. किल्ला जिंकला की त्याची नोंद होते. खिंडीतून माणूस नुसता निघून जातो.

पहिला भरघोस साक्षीदार म्हणजे अब्दुल हमीद लाहोरीचा ‘पादशाहनामा’, शाहजहानच्या कारकिर्दीचा अधिकृत इतिहास. १६३३ साली दौलताबाद पडल्यावरही शहाजीराजांनी निजामशाहीचा एक वारस पुढे करून डोंगरी मुलूख धरून ठेवला होता. तो मोडण्यासाठी शाहजहान फेब्रुवारी १६३६मध्ये स्वतः दौलताबादेत येऊन बसला आणि त्याने निरनिराळ्या दिशांना फौजा सोडल्या. त्यांपैकी अलावर्दीखानाच्या वाट्याला चांदवडचा डोंगर आला. लाहोरीने त्याने घेतलेल्या किल्ल्यांची यादी दिली आहे. तीत चांदवड आणि इंद्राई आहेत, अहिवंत, अचला आणि धोडप आहेत. शिवाय ‘कांजना-मांजना’ आणि ‘रोला-जोला’ अशा दोन जोड्याही आहेत.

ही यादी नकाशावर ठेवून पाहावी. फारसी लिपीतून गाळून आलेली नावे आजही ओळखता येतात आणि ती सगळी एकाच रांगेवर बसतात. जुळी शिखरे लाहोरीच्या यादीतही जुळीच आहेत. डोंगर ज्याने पाहिलेला नाही त्याला कांचन आणि मांचन यांचा जोडीने उच्चार करायचे सुचणार नाही. तेव्हा मोहिमेवरून आलेली खबरपत्रे लाहोरीसमोर असावीत, असा तर्क करता येतो. दरबारी इतिहासकार स्तुतीत सढळ असला तरी स्थळांच्या नावांत फसवण्याचे त्याला कारण नव्हते.

दुसरा साक्षीदार इंद्राईच्या कातळावर आहे. तिथे खडकात कोरलेल्या वाटेजवळ याच विजयाचा फारसी शिलालेख आहे. दरबारी ग्रंथ आणि डोंगरावरचा दगड एकच गोष्ट सांगतात, म्हणून अलावर्दीखानाची मोहीम निश्चित मानायला हरकत नाही. वर्षाबद्दल मात्र सावध राहावे. पुढच्या अनेक पुस्तकांत हे किल्ले १६३५ साली पडले असे छापलेले असते. हिजरी १०४५ हे साल १६३५च्या जूनमध्ये सुरू होऊन १६३६च्या जूनच्या सुरुवातीला संपले. हिजरी आकड्यासमोर एकच इसवी सन मांडायचा तर १६३५ हाताला लागते. पण बादशहा दौलताबादेत आला फेब्रुवारी १६३६मध्ये आणि फौजा सुटल्या त्यानंतर. त्यामुळे १६३६चा उन्हाळा हीच मला योग्य वेळ वाटते. १६३५ हा आकडा बहुधा नुसत्या सनबदलातून आला असावा.

रांगेच्या उत्तरेकडच्या मुलखाचे कागद वेगळ्या घराण्याचे आहेत. बागलाणात बागूल राजे मुल्हेरहून राज्य करीत होते. रुद्रकवीने १५९६ साली ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ या संस्कृत काव्यात त्यांची वंशावळ गुंफली. मुल्हेरला तो मयूरगिरी म्हणतो. साधारण त्याच काळात अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त हा प्रदेश सुरत आणि नंदुरबार यांच्यामधला डोंगराळ, दाट वस्तीचा आणि फळांनी संपन्न मुलूख म्हणून येतो. तिथे सात किल्ले सांगितले आहेत, त्यांत साल्हेर-मुल्हेर प्रमुख. १६३८ साली औरंगजेबाने बागलाण जिंकले तेव्हाच्या मोगल नोंदीत ३४ परगणे, १००१ गावे आणि नऊ किल्ले आहेत. सातांचे नऊ झाले म्हणजे मधल्या चाळीसेक वर्षांत दोन किल्ले बांधले गेले, असे समजू नये. अबुल फजल ऐकीव माहितीवर नामांकित किल्ले मोजत होता आणि १६३८ची नोंद ताब्यात घेतलेल्या मुलखाची मोजदाद होती. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. १००१ या आकड्याकडे मात्र मी जरा संशयाने पाहतो. शेवटचा एक शकुनासाठी तर वाढवला नसेल?

आता मूळ रात्रीकडे.

सुरतेच्या लुटीची तारीख इंग्रज वखारीच्या कागदांमुळे पक्की आहे. ३ ऑक्टोबर १६७० रोजी मराठे शहरात शिरले आणि तिसऱ्या दिवशी निघून गेले. स्ट्रेन्शॅम मास्टरच्या हाताखाली मूठभर माणसांनी इंग्रजांची वखार राखली. या साक्षीदारांना सुरतेबाहेरचे काही ठाऊक नाही. फौज बागलाणच्या वाटेने गेली, एवढ्यावर त्यांची मदत संपते.

पुढची साक्ष भीमसेन सक्सेनाची. हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ मोगलांच्या दक्षिणेतल्या सैन्यात कारकुनी करीत असे. ‘तारीख-ए-दिलकुशा’ हे त्याचे आत्मवृत्त. जदुनाथ सरकारांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९७२ साली महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाने प्रसिद्ध केले. भीमसेन दाऊदखान कुरेशीच्या फौजेबरोबर होता, म्हणजे साक्ष डोळ्यांदेखतची आहे. पण ती हरलेल्या बाजूची आहे आणि बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहे, हेही लक्षात ठेवायला हवे.

त्याच्या हकिगतीचा सांगाडा असा. दाऊदखान बुऱ्हाणपूरहून धावत आला आणि रात्री चांदवडला पोचला. हेरांनी बातमी दिली की शिवाजी डोंगर उतरून नाशिकच्या वाटेला लागला आहे आणि त्याची निम्मी फौज खिंड धरून मागे थांबली आहे. दाऊदखान रात्रीच निघाला. इखलासखान मियाना आघाडीला होता. पहाटे एका उंचवट्यावर चढून त्याने पाहिले तो समोर मराठे सज्ज उभे. मागच्या तुकड्यांची वाट न पाहता तो भिडला आणि जखमी होऊन पडला. मग दिवसभर लढाई झाली. मोगलांची खूप माणसे पडली आणि लूट हातची गेली. सरकारांनी ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ (१९१९) या ग्रंथात याच साक्षीवर आपले वर्णन उभे केले. या लढाईला इतिहासाच्या पुस्तकांत कधी वणी-दिंडोरीची लढाई म्हणतात, कधी कांचनबारीची.

इथे खरी गाठ आहे. कांचन एका टोकाला आणि दिंडोरी दुसऱ्या. दोन्ही नावे एकाच लढाईची कशी?

आधी तारीख तपासू. लढाई १७ ऑक्टोबरची मानतात. इंग्रज कारकून जुने, म्हणजे ज्युलियन पंचांग वापरीत. ते आजच्या पंचांगाच्या दहा दिवस मागे होते. १७ हा आकडाही त्याच पंचांगातला असला पाहिजे. तो आजच्या पंचांगातला धरला तर लूट १३ ते १५ ऑक्टोबरची होते आणि सामानाने लादलेली फौज दोन दिवसांत सुरतेहून सातमाळ्यापर्यंत येते. सरळ रेषेत हे अंतर दीडशे किलोमीटर आहे, वाटेत सह्याद्री आहे. ते शक्य नाही. जुन्या पंचांगाने बारा दिवस मिळतात, आणि ते पटतात. तेव्हा लढाईचा दिवस आजच्या हिशेबाने २७ ऑक्टोबर १६७०.

ही तारीख धरून चंद्राचे गणित मांडले की आणखी एक दार उघडते. त्या दिवशी अमावास्येला सुमारे तेरा दिवस झाले होते. कार्तिकी पौर्णिमा दोन दिवसांच्या आत आली होती. म्हणजे दाऊदखानाची फौज चांदवडहून निघाली तेव्हा डोंगराच्या पायथ्याची वाट लख्ख दिसत असणार. भाद्रपदाच्या अंधारात अनोळखी मुलखातून घोडदळ हाकण्याचे धाडस कुणी केले नसते. त्रयोदशी-चतुर्दशीच्या चांदण्यात ते साधे काम होते. शेवटी मात्र त्याच चंद्राने दगा दिला असावा. या तिथीचा चंद्र उजाडायच्या तासभर आधी मावळतो. उत्तरेला कडा, चंद्र मावळलेला, आघाडी पुढे आणि तोफा मागे रेंगाळलेल्या. इखलासखानाला उंचवट्यावर चढून उजाडण्याची वाट पाहावी लागली, ती कदाचित यामुळे. तिथी गणिताची आहे, म्हणून पक्की. इखलासखानाच्या मनातले माझे आहे. तेवढे तर्क म्हणून घ्यावे.

आता अंतरे. चांदवडपासून कांचन सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आत आहे, वायव्येकडे. वणी पस्तीस किलोमीटरच्या पुढे, दिंडोरी चाळीसच्याही पुढे. बुऱ्हाणपूरहून दमून आलेले सैन्य रात्रीत निघून पहाटे दिंडोरीला लढाईला उभे राहू शकत नाही. कांचनच्या पायथ्याशी राहू शकते. चांदवड रांगेच्या दक्षिणेला वसले आहे. म्हणजे मोगल डोंगर उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे निघाले असणार आणि गाठ पडली ती बारीच्या दक्षिणेकडच्या तोंडाशी. भीमसेनचे ‘निम्मी फौज खिंड धरून’ हे सांगणे इथे चपखल बसते. पुढची निम्मी फौज लुटीसह दिंडोरीच्या दिशेने सरकत होती, मागची बारीच्या तोंडाशी उभी राहिली. तेव्हा दोन नावे म्हणजे एकाच फौजेची दोन टोके असावीत. लढाई मात्र मागच्या टोकाला झाली, असे पुरावा सांगतो.

मराठी बाजूने सभासदाची बखर आहे. ती १६९४च्या सुमारास जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. घटनेनंतर चोवीस वर्षे झालेली आणि नाशिक शेकडो कोस दूर. सभासदाला पराक्रमाची चव आहे, भूगोलाची फारशी नाही. १६७२च्या साल्हेरच्या लढाईत त्याने तीन कोसांचा मुलूख धुळीने झाकून टाकला. ते चित्र विसरता येत नाही, पण त्यावरून साल्हेरच्या कोणत्या उतारावर कोण उभा होता हे काढता येत नाही. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात त्याहून उंच किल्ला नाही. लढाई त्या उंचीवर झाली नाही, पायथ्याच्या मोकळ्या मैदानात झाली, एवढे त्या धुळीवरून नक्की समजते.

पुढच्या शतकातही हाच डोंगर पुन्हा पुन्हा कागदावर येतो. १० जून १७६८ रोजी थोरल्या माधवरावांनी राघोबादादांना धोडपला गाठून पकडले. मग ऑक्टोबर १८०४मध्ये कर्नल वॉलेसने होळकरांकडून चांदवड आणि धोडप घेतले. पुढे ते पुन्हा होळकरांकडे गेले. ६ जानेवारी १८१८च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख इंग्रजांना सोडून दिला. चांदवड कागदावर त्याच दिवशी बदलले.

डोंगर बदलला एप्रिलमध्ये. कंपनीच्या १८१८च्या मोहिमेचा मुख्य ग्रंथ व्हॅलेंटाइन ब्लॅकरचा, १८२१ साली छापलेला. ब्लॅकर क्वार्टरमास्टर खात्याचा माणूस, त्यामुळे वाटा, पाणी आणि तोफा ओढण्याची अडचण त्याला कळते. या मुलखाच्या कामी तो भाटगिरी करणाऱ्या दहा लेखकांना भारी आहे. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलची तुकडी अंकाई-टंकाईसमोर आली आणि किल्ला न लढता मिळाला. राजदेहेरने प्रतिकार केला. तोफा सुरू झाल्यावर किल्ल्यात आग लागली आणि रात्री शिबंदी निघून गेली. शेजारचा इंद्राई मग आपोआप रिकामा झाला. २५ एप्रिलला दक्षिणेकडे त्र्यंबक पडला आणि उरलेले किल्ले एकामागून एक सुपूर्द होत गेले.

आणि मालेगाव? मोसम नदीकाठचा सपाटीवरचा भुईकोट, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला. तो मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत लढला. आत अरब शिबंदी होती. २९ मेचा हल्ला तिने परतवला. दारूगोळ्याचे कोठार उडाले तेव्हा कुठे शरणागती झाली. डोंगरावरचे अजिंक्य म्हणवणारे किल्ले दिवसांत पडतात आणि मैदानातला कोट महिनाभर टिकतो, याचा अर्थ लावायला हवा. पगारी अरबांचा निर्धार हे एक कारण आहेच. पण १६३६, १८०४ आणि १८१८ अशा तीन वेळा हीच रांग माळेसारखी ओघळली, तेव्हा दोष नुसत्या किल्लेदारांचा नसावा. कड्यांनी तुटलेला प्रत्येक किल्ला एकटा असतो. वर जाणारी वाट एकच असली की खाली येणारीही एकच असते, आणि ती बंद करायला थोडी माणसे पुरतात. किल्ले बाऱ्यांवर नजर ठेवायला होते. बाऱ्यांतून जाणारी फौजच शत्रूची असेल तर वरच्या शंभर माणसांनी कुणासाठी लढायचे?

त्याच वर्षी खानदेशचा पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्स किल्ले पाहत फिरला. त्याचे अहवाल पुढे १८८३च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये उतरले. आज किल्ल्यांच्या जुन्या वर्णनांत जे काही नेमके सापडते त्यातले बरेचसे तिथून येते. पाठोपाठ कॅप्टन मॅकिंटॉश सुरुंग घेऊन आला. कातळात कोरलेल्या पायऱ्या त्याने उडवल्या. ज्यांनी वर्णन लिहून ठेवले त्यांनीच वर्णिलेली वस्तू मोडली. म्हणून आज कड्यावर दिसणारी वाट ही १६७०ची वाट असे धरून चालत नाही. सुदैवाने बाऱ्या सुरुंगाने उडवता येत नाहीत.

जेम्स कॅम्बेलच्या देखरेखीखाली झालेले ते गॅझेटिअर रांगेकडे वेगळ्या नजरेने पाहते. तोपर्यंत त्रिकोणमितीय सर्वेक्षण झाले होते, आग्रा रस्ता राहूड घाटातून रांग ओलांडत होता आणि मनमाडला रेल्वे आली होती. वाहतूक एका बारीत गोळा झाली की इतर बाऱ्या गावकऱ्यांच्या पायवाटा होतात आणि सरकारी कागदांतून पुसट होत जातात. कांचनबारीचे तेच झाले.

खडकाची साक्ष सगळ्यांत जुनी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा मुलूख घडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यांतल्या अगदी खालच्या थरसमूहाला साल्हेरचेच नाव दिले आहे. थर जवळजवळ आडवे आहेत. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार, आणि मग पायऱ्यापायऱ्यांचा हा ओळखीचा आकार तयार होतो. आडव्या थरांतून उभा घुसलेला लाव्हा कठीण झाला की भिंत उरते. धोडपची पश्चिमेकडे गेलेली, मध्येच तुटलेली प्रचंड भिंत अशीच आहे. खडक भेगाळलेला असेल तिथे पाणी खोल कापत जाते आणि दोन कड्यांमध्ये खाच पडते. धोडपच्या पूर्वेला कांचन आणि मांचनजवळ रांग एकदम खाली बसते, ती या कारणाने असावी.

भीमसेनच्या वाक्यात खिंड एकच आहे, पण डोंगरात जवळजवळ दोन खोलगट जागा आहेत: एक दोन शिखरांच्या मधली, दुसरी त्यांच्या बाजूची. पहिली जवळची आणि चढाची, दुसरी थोड्या वळशाची. घोडदळ पहिलीतून जाईल. बारा दिवस चालून आलेली, पाठीवर ओझे घेतलेली जनावरे दुसरीतून न्यावी लागतील. फौज दोन भागांत का विभागली होती, या प्रश्नाचे उत्तर या दोन वाटांत असू शकते. लढणारे जवळच्या वाटेवर थांबले आणि लादलेली जनावरे वळशाच्या वाटेने आधीच खाली उतरली, असे घडले असेल तर भीमसेनची साक्ष, चांदवडपासूनचे अंतर आणि दिंडोरीचे नाव ही तिन्ही एका जागी जुळतात. हे सिद्ध झालेले नाही, पण याच्याविरुद्ध जाणारे काही भीमसेनच्या हकिगतीत नाही.